जावा स्विंग: उघड्या फॉर्मवर ओळी वाढवायच्या, काढायच्या, बदलायच्या कशा

बटण दाबलं की पॅनेलमध्ये नवीन ओळ यायला हवी. कोडमध्ये ‘ऍड’ लिहिलेलं आहे, एरर नाही, कन्सोल गप्प आहे, पण स्क्रीनवर काहीच हलत नाही. वैतागून खिडकीचा कोपरा ओढला की दडून बसलेल्या चार ओळी एकदम उगवतात. स्विंग, म्हणजे जावात खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी, शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा चमत्कार कधी ना कधी दिसतोच. लॅबमध्ये त्यावरचा तोडगा ठरलेला आहे: जिथे तिथे ‘रीव्हॅलिडेट’ (मांडणी पुन्हा मोजा) आणि ‘रीपेंट’ (पुन्हा रंगवा) या मेथड टाकून ठेवायच्या. बहुतेक वेळा भागतं. ज्या दिवशी भागत नाही त्या दिवशी मात्र हात टेकावे लागतात, कारण आधी ते का चाललं होतं हेच माहीत नसतं.

स्विंग जुनं आहे, १९९८ साली जावा १.२ सोबत आलं. पण ते अजूनही जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, आतच आहे. त्याच कामाची नंतरची लायब्ररी जावाएफएक्स जेडीके ११ पासून बाहेर पडलं, ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला किंवा एखाद्या दुकानाच्या छोट्या कामाला स्विंग पुरतं, वर काही बसवावं लागत नाही.

उदाहरण फराळाचं घेऊ. दसरा सरला की पुण्यात पेठांमधल्या घरगुती फराळवाल्यांकडे ऑर्डरी सुरू होतात: अर्धा किलो भाजणीची चकली, पाव किलो अनारसे, किलोभर पातळ पोह्यांचा चिवडा, आणि ‘यातला एक डबा लेकीला अमेरिकेत पाठवायचाय’. समजा सदाशिव पेठेतल्या अशाच एका काकूंना ऑर्डर लिहून घ्यायला प्रोग्राम हवा आहे. कोण किती पदार्थ सांगेल याचा नेम नाही, म्हणून फॉर्मवरच्या ओळी वाढत्या-घटत्या हव्यात. प्रत्येक ओळीत पदार्थ निवडायचा कॉम्बोबॉक्स, किलो कमी-जास्त करायचा स्पिनर, रकमेचं लेबल आणि ‘काढा’ असं बटण. तळाला एकूण रक्कम, बाजूला आजच्या ऑर्डरींचं टेबल.

क्लास आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिली तीन-चार अक्षरं टाइप केलीत की उरलेलं नाव ती सुचवतेच.

पायरी १: सांगाडा

जेफ्रेमला, म्हणजे खिडकीला, मुळातच बॉर्डरलेआउट असतो: आतल्या गोष्टी चार कडांना आणि मध्ये मांडणारा. वरच्या पट्टीत ग्राहकाचं नाव आणि फोन, मध्ये ओळींचं पॅनेल, तळाला एकूण रकमेचं लेबल आणि ‘आणखी पदार्थ’ बटण. ओळींच्या पॅनेलला बॉक्सलेआउट द्या, उभा, म्हणजे ओळी एकाखाली एक बसतात. ते पॅनेल थेट स्क्रोलपेनमध्ये टाकू नका. टाकलंत तर पहिली एकुलती एक ओळ ताणून पूर्ण उंची व्यापून बसेल, कारण बॉक्सलेआउट उरलेली जागा वाटून टाकतो आणि साध्या जेपॅनेलची कमाल उंची जवळजवळ अमर्याद असते. उपाय सोपा: बॉर्डरलेआउटचं आणखी एक पॅनेल घ्या, त्याच्या ‘नॉर्थ’ला ओळींचं पॅनेल ठेवा आणि हे बाहेरचं पॅनेल स्क्रोलपेनला द्या. ओळी वर गोळा होऊन बसतात, खाली मोकळी जागा राहते.

जे नंतर बदलायचं आहे ते सगळं, म्हणजे ओळींचं पॅनेल, एकूणचं लेबल आणि टेबलचं मॉडेल, क्लासच्या फील्डमध्ये ठेवा. कन्स्ट्रक्टरच्या आत लोकल व्हेरिएबल केलंत तर क्लासच्या बाकीच्या मेथडना आणि त्यांतल्या लिसनरना (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडला) ते सापडणार नाही. आणि ‘मेन’मधून फ्रेम थेट उभी न करता ‘स्विंगयुटिलिटीज’च्या ‘इन्व्होकलेटर’मधून करा. कारण पाचव्या पायरीत.

पायरी २: असलेल्या गोष्टीत बदल

हे सगळ्यात सोपं आणि इथे काहीही शिंपडावं लागत नाही. एकूणच्या लेबलवर ‘सेटटेक्स्ट’ केलं की मजकूर बदलतो, लेआउट आणि रंगवणं दोन्हींची सोय ते लेबल स्वतः करतं. ‘सेटएनेबल्ड’, ‘सेटआयकॉन’, ‘सेटफोरग्राउंड’ यांचंही तेच. ‘सेटव्हिजिबल’सुद्धा स्वयंपूर्ण आहे: कुरिअरचा चेकबॉक्स टिचकला की पत्त्याचा रकाना दाखवायचा, काढला की लपवायचा, एवढ्यासाठी वेगळं रीव्हॅलिडेट नको.

तरीही लेबल बदलत नसेल तर बहुधा तुम्ही लेबल बदललेलंच नाही. नवशिक्यांच्या कोडमध्ये हे हमखास दिसतं: एकूण रक्कम बदलली म्हणून ‘न्यू जेलेबल’ करून ते फील्डमध्ये टाकलेलं असतं. फील्ड आता नव्या लेबलकडे बघतंय, पण पॅनेलच्या पोटात अजून जुनंच लेबल आहे. व्हेरिएबल बदलल्याने पॅनेलला काही कळत नाही. पुढे कितीही वेळा सेटटेक्स्ट करा, ते कुठेच न लावलेल्या लेबलवर होत राहणार. लेबल एकदाच बनवा, नंतर फक्त त्याचा मजकूर बदला.

बारीकसारीक पण त्रासदायक गोष्ट: मजकूर पूर्ण रिकामा असलेल्या लेबलला उंचीच नसते. सुरुवातीला रकमेचं लेबल रिकामं ठेवलंत तर पहिली रक्कम येताच फॉर्म उडी मारल्यासारखा हलतो. रिकाम्याऐवजी एक स्पेस द्या.

पायरी ३: नवीन ओळ लावणे आणि काढणे

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा थांबू.

‘ऍड’ केल्यावर पॅनेल दोनच कामं करतं: नव्या कंपोनंटला आपल्या यादीत घेतं आणि ‘माझी मांडणी आता शिळी झाली’ अशी खूण स्वतःवर करतं. कुणाला कुठे आणि किती जागा द्यायची हे त्या क्षणी ठरत नाही. नवी ओळ यादीत आहे, पण तिची रुंदी शून्य आणि उंची शून्य. रंगवणार काय? खिडकी ओढली की मात्र सगळी मांडणी नव्याने मोजली जाते आणि ओळींना आकार मिळतो. तो चमत्कार एवढाच होता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ऍड झाल्यावर लगेच फ्रेमवर ‘लिस्ट’ ही मेथड चालवा. कन्सोलवर आतल्या सगळ्या कंपोनंटची उतरंड छापली जाते, प्रत्येकाची जागा आणि आकार यांसकट. नव्या पॅनेलपुढे ०,० आणि आकार ०×० दिसेल, शेजारी ‘इन्व्हॅलिड’ असा शेरा. हीच मेथड नंतर एखाद्या बटणावरून चालवलीत तर शेरा गेलेला आणि आकडे भरलेले दिसतील. डीबगरमध्ये तासभर घालवण्यापेक्षा ही एक ओळ जास्त सांगते, आणि का कोण जाणे, ती फारशी कुणी वापरत नाही.

म्हणून क्रम असा. ओळींच्या पॅनेलवर ‘ऍड’, मग त्याच पॅनेलवर ‘रीव्हॅलिडेट’, मग ‘रीपेंट’. रीव्हॅलिडेट म्हणजे ‘मांडणी पुन्हा मोजा’, रीपेंट म्हणजे ‘पुन्हा रंगवा’. दोन वेगळी कामं आहेत, एक दुसऱ्याची जागा घेत नाही. नुसतं रीपेंट केलंत तर शून्य आकाराची ओळ शून्य आकारातच पुन्हा रंगेल.

ज्या कंटेनरची पोरं, म्हणजे पोटातले कंपोनंट, बदलली, त्यावरच हे करायचं. ओळीतल्या बटणावर किंवा भलत्याच पॅनेलवर नको. रीव्हॅलिडेट स्वतः वर चढत जातं आणि स्क्रोलपेनसारख्या ठिकाणी थांबतं, त्यामुळे प्रत्येक ओळीमागे अख्खी खिडकी नव्याने मोजली जात नाही.

रीव्हॅलिडेट लगेच काही मोजत नाही, ‘मोजायचं आहे’ अशी नोंद रांगेत लावतं. म्हणूनच एका दमात दहा ओळी लावून शेवटी एकदाच रीव्हॅलिडेट केलं तरी चालतं, आणि दहा वेळा केलं तरी मोजणी सहसा एकदाच होते. पण याची दुसरी बाजूही आहे. कोडमध्ये रीव्हॅलिडेटच्या लगेच खाली नव्या ओळीची उंची विचारलीत तर उत्तर शून्य येणार. समजा सातवा-आठवा पदार्थ स्क्रोलपेनच्या खाली गेला आणि काकूंना तो आपोआप दिसायला हवा. मग ‘स्क्रोलरेक्टटूव्हिजिबल’ ही हाक इन्व्होकलेटरमध्ये घाला, म्हणजे ती मोजणीच्या नंतर रांगेत येईल. थेट लिहिलीत तर स्क्रोल जुन्या तळाशीच थांबेल आणि नवी ओळ खाली दडलेली राहील.

आता काढणं. ‘काढा’ बटणाच्या लिसनरमध्ये ती ओळ स्वतःच हाताशी ठेवा, तिचा क्रमांक नव्हे. तिसरी ओळ गेली की चौथी तिसरी होते, आणि क्रमांक धरून बसलेलं बटण भलत्याच पदार्थावर घाव घालतं: चकली काढायला जावं आणि चिवडा गायब. लॅम्बडामध्ये ओळीचं पॅनेल थेट वापरा: पॅनेलमधून ‘रिमूव्ह’, मग रीव्हॅलिडेट, रीपेंट.

काढताना रीपेंट कधी लागतं, कधी लागत नाही, यावरून बरेच गोंधळतात. मधली ओळ काढली तर खालच्या ओळी वर सरकतात आणि सरकताना स्वतःला रंगवून घेतात, त्यामुळे रीपेंट विसरलं तरी निभावतं. पण पॅनेलचा आकार तोच राहिला आणि काढलेल्या जागेवर कुणीच आलं नाही, तर तिथली जुनी चित्रखूण तशीच राहते. ओळ नसते, तिचं भूत असतं. त्यावर क्लिक करून काही होत नाही. म्हणून काढताना दोन्ही लिहायची सवयच बरी.

आणि ‘पॅक’? प्रत्येक ओळीनंतर पॅक केलं तरी ओळ दिसते, हे खरं. पण दर वेळी खिडकीचा आकार बदलतो; काकूंनी स्वतः ओढून मोठी केलेली खिडकी पुन्हा आक्रसते. खिडकी पहिल्यांदा दाखवण्यापूर्वी एकदा पॅक, पुढे नाही.

एक प्रकार वेगळा आहे: संपूर्ण भागच बदलायचा. ‘दुकानातून नेणार’ निवडलं तर तारीख-वेळ, ‘कुरिअर’ निवडलं तर पत्ता, देश, पिनकोड. इथे जुनं काढून नवं लावत बसू नका. कार्डलेआउट त्यासाठीच आहे: दोन्ही पॅनेल आधीच लावून ठेवा आणि नाव सांगून हवं ते पुढे आणा. कार्डलेआउट सगळ्यात मोठ्या कार्डाएवढी जागा मागतो, म्हणून अदलाबदल करताना फॉर्म नाचत नाही. लोक बॉर्डरलेआउटच्या ‘सेंटर’लाच दुसरं पॅनेल लावतात आणि पहिलं काढायला विसरतात, मग लेआउटच्या लेखी नवं पॅनेल मध्यभागी असतं, जुनं पोटात तसंच पडून असतं आणि डोळ्यांना दिसतं काहीतरी तिसरंच.

पायरी ४: रक्कम, टेबल आणि कॉम्बो

एकूण रक्कम लेबलांवरून वाचून बेरीज करू नका. लेबलवर ‘रु. १५०’ लिहिलेलं असतं, त्याचा आकडा करायला गेलं की एक्सेप्शन. ओळींची एक साधी यादी ठेवा, प्रत्येक नोंदीत पदार्थ, दर आणि किलो. सहाशे रुपये किलोची चकली पाव किलो, म्हणजे १५०. हा हिशोब यादीतून होतो आणि लेबलवर फक्त दाखवला जातो. ओळ वाढली, गेली, स्पिनर हलला, कॉम्बो बदलला, काहीही झालं की ‘एकूण मोजा’ ही एकच मेथड. पाच ठिकाणी पाच बेरजा लिहिल्यात तर त्यातली एक चुकणारच आणि ती नेमकी ओळ काढतानाची असते.

टेबलच्या बाबतीत स्विंगच हा नियम लादतं. जेटेबलमध्ये डेटा नसतो, तो टेबल मॉडेलमध्ये असतो. सुरुवातीला डिफॉल्टटेबलमॉडेल घ्या. त्यावर ‘ऍडरो’ केलं की टेबल आपोआप बदलतं, रीव्हॅलिडेट-रीपेंटचा इथे काहीच संबंध नाही. पुढे ऍबस्ट्रॅक्टटेबलमॉडेलवरून स्वतःचं मॉडेल केलंत, तर डेटा बदलल्यावर ‘फायर’ने सुरू होणारी योग्य मेथड बोलावणं तुमच्या अंगावर येतं. ती विसरली की यादीत ऑर्डर असते, टेबलात नसते.

सगळ्या बदलांना ‘फायरटेबलडेटाचेंज्ड’ लावून मोकळं होण्याचा मोह आवरा. त्याने टेबल ताजं होतं, पण निवडलेली ओळ सुटते. काकूंनी ‘पैसे मिळाले’ अशी खूण करायला ऑर्डर निवडली, तेवढ्यात दुसरी ऑर्डर आली आणि निवड पुसली गेली, असं दोनदा झालं की त्या पुन्हा वहीकडे वळतील. नवी ऑर्डर असेल तर ‘फायरटेबलरोजइन्सर्टेड’, एकच रकाना बदलला तर ‘फायरटेबलसेलअपडेटेड’. दर वेळी नवीन मॉडेल बनवून टेबलला चिकटवणं तर त्याहून वाईट: हाताने ओढून ठेवलेल्या स्तंभांच्या रुंदीही पूर्वपदावर जातात.

टेबलला सॉर्टिंग दिलं असेल तर दिसणारा क्रमांक आणि मॉडेलमधला क्रमांक एक नसतात. निवडलेल्या ओळीचा क्रमांक ‘कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल’मधून काढूनच मॉडेलला हात लावा. नाहीतर जोशींचे पैसे कुलकर्णींच्या नावावर.

कॉम्बोबॉक्सचा स्वभाव जरा खोडकर आहे. रिकाम्या कॉम्बोत पहिला पदार्थ टाकताच तो आपोआप निवडला जातो आणि ऍक्शन लिसनर चालतो. वापरणाऱ्याने काहीच निवडलेलं नसताना तुमचा रकमेचा कोड धावतो. सगळे पदार्थ बदलायचे असतील तर नवं डिफॉल्टकॉम्बोबॉक्समॉडेल भरून एकदम लावा आणि त्यानंतर एकूण मोजा.

पायरी ५: वेळखाऊ काम आणि गोठलेली खिडकी

स्विंगमधलं सगळं रंगवणं, सगळ्या क्लिक, सगळी मोजणी एकाच थ्रेडवर चालते: इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, बोलीत ईडीटी. कंपोनंटना हात लावायचा तो त्याच थ्रेडवरून. बटणाचे लिसनर मुळात तिथेच चालतात, म्हणून आतापर्यंत आपल्याला त्याची आठवण ठेवावी लागली नाही. ‘मेन’ मात्र वेगळ्या थ्रेडवर चालतं, म्हणून पहिल्या पायरीत फ्रेम इन्व्होकलेटरमधून उभी केली: तो दिलेलं काम ईडीटीच्या रांगेत लावतो.

आता ‘दरपत्रक आणा’ असं बटण घ्या. नेटवरून किंवा डेटाबेसमधून दर यायला पाच सेकंद लागतात, आणि तो कोड तुम्ही लिसनरमध्येच लिहिला. ते पाच सेकंद रंगवणारा थ्रेड त्यातच अडकलेला. बटण दाबल्यासारखंच राहतं, विंडोज खिडकीच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. तुम्ही शहाणपणाने सुरुवातीला लेबलवर ‘जरा थांबा’ लिहिलं असेल, तर तेही दिसत नाही. सेटटेक्स्टने रंगवण्याची नोंद रांगेत लावली खरी, पण रांग पुढे सरकवणारा थ्रेड तुमच्याच कामात गुंतला आहे. काम संपल्यावर ‘जरा थांबा’ आणि ‘झालं’ लागोपाठ येतात, म्हणजे दिसतं फक्त ‘झालं’. अशा वेळी रीपेंट दहा वेळा लिहूनही उपयोग शून्य, हे आता उघड आहे.

याला उपाय स्विंगवर्कर, वेळखाऊ काम मागे वेगळ्या थ्रेडवर चालवणारा क्लास. जावा ६ पासून तो जेडीकेत आहे. ‘डूइनबॅकग्राउंड’मध्ये फक्त दर आणायचे, इथे एकाही लेबलला किंवा कॉम्बोला हात लावायचा नाही. ‘डन’ ही मेथड ईडीटीवर चालते, तिथे कॉम्बो भरायचा. अधूनमधून प्रगती दाखवायची असेल तर मागून ‘पब्लिश’ करा आणि ‘प्रोसेस’मध्ये दाखवा. प्रोसेसला एक तुकडा नाही, तुकड्यांची यादी मिळते, कारण मधे साचलेले तुकडे एकत्र दिले जातात. प्रगतीच्या पट्टीसाठी यादीतला शेवटचा पुरे.

दोन गोष्टी इथे चुकवू नका. ‘डन’मध्ये ‘गेट’ बोलावलंच पाहिजे. नाही बोलावलं तर मागच्या कामात आलेलं एक्सेप्शन मुकाट्याने गिळलं जातं. दर येत नाहीत आणि का येत नाहीत याचा कन्सोलवर मागमूस नसतो. गेट केलं की एक्झिक्युशनएक्सेप्शन मिळतं आणि त्याच्या ‘गेटकॉज’मध्ये खरं कारण असतं. दुसरं, एक वर्कर एकदाच चालतो. प्रत्येक क्लिकला नवा बनवा, बटण आधी ‘सेटएनेबल्ड’ने बंद करा, डनमध्ये पुन्हा चालू करा.

दर मिनिटाला ‘डिलिव्हरीला किती वेळ उरला’ असं काही दाखवायचं असेल तर स्विंगचा टायमर वापरा, त्याचा लिसनर ईडीटीवरच चालतो. युटिल पॅकेजमध्येही टायमर नावाचाच क्लास आहे आणि तो वेगळ्या थ्रेडवर चालतो. दोन्ही पॅकेजेस तारांकित इम्पोर्ट केली की कंपायलर ‘टायमर संदिग्ध’ म्हणून अडतो. एडब्ल्यूटी आणि युटिल एकत्र घेतलीत की ‘लिस्ट’ नावाच्या क्लासचंही तेच. इम्पोर्टमध्ये पूर्ण नाव लिहा.

दुकानाच्या मशीनवर नेण्याआधी

तुमच्या लॅपटॉपवर ‘चकली’ नीट दिसते आणि तिथे चिन्हांची भेळ दिसते, असं होऊ शकतं. जेडीके १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग सगळीकडे यूटीएफ-८ आहे. त्याआधी विंडोजवर ते मशीनप्रमाणे ठरायचं. जुना जेडीके असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग स्पष्ट सांगा आणि दरपत्रकाची फाइल वाचतानाही सांगा. भेळीऐवजी चौकोन दिसले तर दोष फॉन्टचा. इंग्रजी फॉन्ट हाताने लावला असेल तर तो काढून ‘डायलॉग’ किंवा ‘सॅन्ससेरिफ’ हे जावाचे सर्वसाधारण फॉन्ट ठेवा. फॉन्टवर ‘कॅनडिस्प्लेअपटू’ विचारून आधीच खात्री करता येते; उणे एक आलं तर सगळी अक्षरं त्यात आहेत.

राहता राहिला स्वल्पविराम. दिवाळीच्या हंगामाची बेरीज सव्वा लाखावर गेली की आकडे मांडून देणारा डेसिमलफॉर्मॅट क्लास ती १२५,००० अशी दाखवतो. पॅटर्नमध्ये लाखाच्या जागी दुसरा स्वल्पविराम देऊन पाहाल, पण हा क्लास फक्त शेवटच्या स्वल्पविरामानंतरचं अंतर धरतो आणि तेच पुढे गिरवतो. १,२५,००० हवं असेल तर शेवटचे तीन आकडे वेगळे काढून उरलेल्यांच्या दोन-दोनच्या जोड्या पाडणारी दहा-बारा ओळींची मेथड स्वतः लिहा आणि ‘एकूण मोजा’च्या शेवटी, सेटटेक्स्टच्या आधी, तिला बोलवा.